वैनीचे मिस्ड कॉल

१

विहिरीतून मयत काढायला जेवढी माणसं जमतात, तेवढी चोर धरायला कधी जमत नाहीत. इस्लामपूरच्या शिवारातल्या त्या विहिरीला भर दुपारी गर्दीनं कडं केलं होतं आणि त्यातली अर्धी माणसं फोन वर धरून चित्रण करत होती.

"फोन खाली!" मी ओरडले. "नाहीतर एकेकाचा विहिरीतच टाकते!"

मी रेश्मा, फौजदार. मूळची आटपाडीची. आमच्याकडं पाणी कमी आणि तोंड जास्त, असं सासरचे म्हणतात. म्हणेनात का. आमचे हवालदार तानाजी यांनी काठी आपटली, तेव्हा कुठं मंडळी मागं सरली.

बाजेवर ठेवलेला पोरगा साईराज, बावीस वर्षांचा. कपाळाच्या वर मोठी खोक होती. विहिरीच्या बांधकामातला एक दगड आत पुढं आलेला होता, त्याच्यावर डोकं आपटून तो पाण्यात गेला, असं डॉक्टरांचं मत. आजूबाजूला डोक्याएवढा ऊस उभा होता. पलीकडच्या रानात तोड चालू होती आणि ट्रॅक्टरवर कर्णे लावून गाणी वाजत होती. इथं कुणी ओरडलं असतं तरी कुणाच्या बापाला ऐकू गेलं नसतं.

साईराजला सगळा जिल्हा ओळखायचा, पण तोंडानं नाही, आवाजानं. 'शेवटचं बेट' म्हणून मोबाईलवरचा एक गेम आहे. शंभर जण बेटावर उतरतात, एकमेकांना टिपत जातात, शेवटी उरेल तो जिंकला. साईराज इस्लामपूरच्या टीमचा कॅप्टन. बेटावरच्या जागांना त्यानं आपली नावं दिली होती. धुराडं दिसलं की तो कारखाना आणि नदीवरचा पूल म्हणजे शेजारचं बहे गाव. पोरं फिदा होती त्याच्यावर. पंधरवड्यापूर्वी मात्र एक क्लिप फिरली. साईराज हॅक वापरतो, त्याची बंदूक आपोआप नेम धरते, असं तिच्यात दाखवलं होतं. मग काय! काल डोक्यावर घेणारेच आज त्याच्या घरादाराला शिव्या घालायला लागले. साताऱ्याच्या मोठ्या स्पर्धेतून त्याचं नाव काढलं.

आणि आज हे. त्याच्या टीममधल्या महेंद्रनं मला टीमच्या ग्रुपवरचा शेवटचा मेसेज दाखवला. साईराजच्या फोनवरून आलेला तो मेसेज असा होता : 'आई, मला माफ कर. मी गेममध्ये चीटिंग केली. आता तोंड दाखवायला जागा नाही. जातो.'

साईराज एकटा असला की तिथंच जाऊन बसायचा, म्हणून मेसेज वाचून महेंद्र थेट विहिरीकडं पळत आला होता. पहिल्यांदा त्यानंच बघितलं.

साईराजची आई राहीबाई बाजेजवळ बसली होती. रडत नव्हती. मला बघून उठली आणि तिनं माझा हात धरला.

"बाईसाहेब, फोनात काय चिठ्ठी लिवलीया म्हणं. कुणी मला वाचून दावंना."

"दाखवेन, मावशी. सावडणं होऊ द्या." तिच्या पोराच्या अंगावरचं पाणी अजून निथळत होतं आणि त्याच्या नावानं लिहिलेलं ते वाक्य माझ्या तोंडातून निघेना.

"ह्याच विहिरीत त्यो पवायला शिकला. ह्यात कसा बुडंल त्यो?" तिनं माझा हात आणखी दाबला. "माझा पोरगा लबाड हुता का, आन् त्यानं जीव दिला का कुणी घेतला, एवढं मला सांगा. मग मी गप बसती."

विहिरीच्या काठावर दगडावर साईराजचा फोन नीट ठेवलेला होता. रुमालानं उचलला तसा पडदा उजळला. कुलूप होतं, पण मिस्ड कॉल वरच दिसत होते. सगळे त्याच दुपारचे, मेसेजच्या आगंमागं आलेले, आणि सगळ्यांवर एकच नाव होतं. वैनी.

२

"दीर-भावजयीचं काय तरी आसंल मॅडम," तानाजी गाडीत हळूच म्हणाले.

"तुमच्या जिभेला हाड आहे का हो?"

"मी कुठं काय म्हणलं? कंपनीनं नंबर कळवला की. सिम साईराजच्या वारलेल्या बापाच्या, केरबाच्या नावावर. म्हंजी घरातलीच बाई. असलं इचारायचं तर सावडणं झाल्यावर इचारा. मयताच्या दारात नगं."

बोलणं बरोबर होतं, म्हणून तर मला राग आला. फोन मी सीलबंद केला आणि तानाजींना दम भरला. हे नाव तुम्ही बघितलं, मी बघितलं, तिसऱ्याच्या कानावर गेलं तर तुमची खैर नाही. तानाजी बायकोला पगार सांगत नाहीत, हे कशाला सांगतील!

महेंद्रला चौकीत बसवलं होतं, कारण गावानं त्याच्यावर संशय धरला होता. पहिला हाच कसा पोचला? आदल्या आठवड्यात चौकात दोघांची हमरीतुमरी झाली होती, ती कशावरून? बाहेर पोरांचा घोळका होता आणि त्यातले दोघंतिघं महेंद्रच्या वस्तीचं नाव घेऊन नको ते बोलत होते. मी बाहेर जाऊन त्यांची नावं लिहून घ्यायला सांगितली, तसा घोळका पांगला.

"भांडलो, व्हय," महेंद्र म्हणाला. तो मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. "मी त्याला म्हणत हुतो, गप बस. त्यो ऐकंना."

"कशाबद्दल गप बस?"

"पेट्यांबद्दल, मॅडम. गेममधी नशिबाची पेटी आसती. पैसं टाकायचं, पेटी उघडायची. निघाली तर भारी बंदूक, न्हाई तर माती. साई लाईव्हवर बोलाय लागला की ह्यो निव्वळ जुगार हाय, बारक्या पोरांना लुटायचा धंदा हाय. त्यावर दोन तट पडलं. अर्धी पोरं म्हणायची साई खरं बोलतोय, अर्धी म्हणायची कंपनीनं काय फुकट गेम चालवायचा का? मी म्हणलं, आरं आपुन खेळावं आन् सोडावं. मोठ्या लोकांच्या पोटावर पाय दिऊ नगं."

"त्यानं हॅक वापरला होता?"

महेंद्रनं माझ्याकडं असं बघितलं, की मलाच विचारल्याची लाज वाटली.

"त्याला हॅक कशाला लागतंय? मॅडम, मला आत टाकायचं तर टाका. पण त्याला चीटर म्हणू नगा."

"मोठे लोक म्हणजे कोण?"

"दोघंच. त्याच्यावर पयला आरोप केला कोरेगावच्या दिग्विजयनं. आन् क्लिप फिरवली साताऱ्याच्या राजवर्धननं. त्याचं लय मोठं चॅनल हाय, लाईव्हवर पेट्या उघडून दावतो."

३

दिग्विजय हा कोरेगावच्या टीमचा कॅप्टन. साईराजचा जुना वैरी, असं सगळे सांगत होते. गेलो तर घराच्या ओट्यावर गुडघ्यात मान घालून बसलेला. दोन दिवस जेवला नव्हता, असं त्याची बहीण म्हणाली.

"मीच मारलं त्याला," दिग्विजय म्हणाला.

तानाजींनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांना डोळ्यांनीच दाबलं.

"कसं मारलंस?"

"आवं, तोंडानं! क्लिप बघितली आन् डोसकं फिरलं. आमच्याच दोन टीमांच्या म्याचची क्लिप हुती ती. लाईव्हवर यिऊन त्याला हॅकर म्हणलो. मग चार दिसांमागं माझ्या फोनवरचं त्याच म्याचचं रेकॉर्डिंग नीट बघितलं. साईचा नेम दोनदा चुकला हुता, मॅडम. तिसऱ्या गोळीला त्यानं मला टिपला. क्लिपमधी त्या दोन गोळ्या कापल्यात. कापून जोडलं की वाटतं बंदूक आपोआप फिरली."

"कुणी कापलं?"

"क्लिप राजवर्धनच्याच चॅनलवर आली. दुसरं कोण? मी त्याच राती साईला रेकॉर्डिंग पाठवलं, पाया पडलो. त्यो हसला. म्हणला, आता पुराव्यानिशी बोलतो, तू गप बस." त्यानं कपाळ बडवून घेतलं. "आता वैनींना कुठल्या तोंडानं भेटू?"

वैनी! माझे कान टवकारले. म्हणजे ह्यालाही ठाऊक आहे. मी खोदायच्या आधीच तो उसळून पुढं बोलत सुटला.

"आन् त्यो राजवर्धन! त्या दुपारी त्याचा लाईव्ह चालू हुता. साई गेल्याची बातमी फुटली, सगळी चॅट भावपूर्ण श्रद्धांजलीनं भरली, आन् ह्यो बहाद्दर पेट्या उघडून नाचतोय! एका शब्दानं न्हाई बोलला. हसतोय नुसता. माणूस हाय का जनावर?"

त्या दुपारी दिग्विजय स्वतः कोरेगावच्या बाजारात घेवड्याची पोती उतरवत होता, हे चार व्यापाऱ्यांनी सांगितलं. मी गाडीत बसले आणि म्हणाले, "साताऱ्याला घ्या." डोक्यात मात्र ती कोण कुठली वैनी ठाण मांडून बसली होती.

४

राजवर्धनचं ऑफिस साताऱ्यातल्या एका नव्या इमारतीत होतं. भिंतीवर रंगीत दिवे, बसायला राजासारखी खुर्ची आणि समोर तीन पडदे. तो तिशीचा असेल. बोलायला गोड, इतका गोड की चहात साखर नको.

"फार वाईट झालं मॅडम. माझ्यासाठी तो लहान भावासारखा होता."

"कधी भेटला होता?"

"प्रत्यक्ष कधीच नाही. आमचं सगळं ऑनलाईन. ना मी त्याच्या गावी गेलो, ना तो इथं आला."

"क्लिप तुम्ही कापलीत?"

"मला जशी आली तशी टाकली. कुणी पाठवली ते शोधायला लागेल." तो हसला. "क्लिपवरून वाद होणारच. आमचा धंदाच वादावर चालतो. पण म्हणून कुणी जीव देतं का?"

"त्याच्या श्रद्धांजल्या येत होत्या आणि तुम्ही पेट्या उघडत होतात म्हणे."

"त्यावरून मला शिव्या पडतायत, माहीत आहे. पण दुपारभर लाईव्ह होतो, हजारो लोक बघत होते. शो मध्येच थांबवता येत नाही मॅडम." मग त्यानं खुर्ची पुढं ओढली आणि आवाज खाली आणला. "एक सांगू? गेमच्या मागं लागू नका. त्याच्या घरात बघा. भरल्या दुपारी वहिनी फोनवर फोन करते, थांबतच नाही, म्हणजे काय समजायचं? तरणा पोरगा. आपण शहाणे आहोत."

तानाजींच्या हातातली कपबशी वाजली. मी चहा संपवला, बरा होता म्हणाले आणि उठले.

जिन्यात तानाजी कुजबुजले, "मॅडम, आईशप्पथ, मी कुणाला बोललो न्हाई!"

"माहीत आहे मला," मी म्हणाले. "म्हणून तर पटकन खाली उतरतेय. वर थांबले असते तर कानाखाली मारली असती."

कारण तो फोन मी उचलल्यापासून सीलबंद होता. तरीपण मला एक गाठ सुटत नव्हती. दिग्विजयलाही वैनी ठाऊक होतीच की. गावभर पसरलेली गोष्ट असेल, तर राजवर्धनच्या कानावर गेली असं तो म्हणायला मोकळा होता. खरी गोष्ट एकाच ठिकाणी कळणार होती.

५

सावडणं आटोपलं होतं. राहीबाई सोप्यात बसली होती. महेंद्रला आम्ही सोडलं होतं, तो उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला होता. आत यायला बिचकत होता.

घरात दुसरं कुणी दिसेना. मी अवघडत विचारलं, "मावशी, साईराजची वहिनी कुठं असते?"

"कुठली वहिनी?"

"म्हणजे, त्याच्या भावाची बायको."

"त्याला भाऊच न्हाई," राहीबाई म्हणाली. "चुलत्यांच्या वाटण्या कवाच झाल्या, ती समदी पुण्याला असत्यात. हितं मी आन् त्यो, दोघंच. आदी ती चिठ्ठी वाचा."

आता टाळता येत नव्हतं. मी कागदावर उतरवून आणलेला मेसेज वाचला. 'आई, मला माफ कर,' एवढं म्हटलं आणि तिनं हात वर केला.

"परत वाचा."

"आई, मला माफ कर."

"आई?" तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी दुसऱ्याच घरचा निरोप तिला आणून दिला होता. "ह्ये माझ्या साईनं न्हाई लिवलं. त्यानं मला जल्मात कवा आई म्हणलं न्हाई."

"मग काय म्हणायचा?"

"वैनी."

माझ्या हातातला कागद तसाच राहिला.

"मोठ्या घरात पडले मी," ती सांगू लागली. "चार दीर. समदी वैनी वैनी करायची. पोरानं त्योच शबुद उचलला. नवरा फौजेत, सुट्टीला आला की हसायचा, आरं आई म्हण की तिला. त्याच्या तोंडात बसलं त्ये बसलं. त्याचं दोस्त बी वैनीच म्हणत्यात. ह्यो म्हेंद्र म्हणतो. त्यो कोरेगावचा दिग्या, शिकायला हितं हुता तवा दोन वर्सं माझ्या हातचं जेवला, त्यो बी वैनीच म्हणतो."

"आणि त्या दुपारी फोन..."

"मीच करत हुते की. भाकरी गार व्हाय लागली, आन् ह्यो उचलंना."

तरी वाटलंच, असं म्हणायचीही मला सोय नव्हती. पोराच्या आईला मी भावजय समजले होते आणि आटपाडीची असून समजले होते. आमच्याच वाड्यावस्तीवर आईला वहिनी, अक्का, बाई म्हणणारी पोरं कमी आहेत का!

मी महेंद्रकडं वळले. "तू मेसेज वाचलास ना? आई लिहिलेलं दिसलं नाही तुला?"

"दिसलं मॅडम." तो खाली बघत म्हणाला. "वाटलं, जल्मभर वैनी म्हणला, मरताना तरी आई म्हणला. त्याच्यानंच तर मला रडू फुटलं."

६

राजवर्धनच्या ऑफिसात दुसऱ्या खेपेला मी चहा नको म्हणाले.

"त्या वहिनीचं नाव काय हो?"

"कुठली वहिनी?"

"भरल्या दुपारी फोन करणारी. तुम्हीच म्हणालात."

"मला काय माहीत नाव. लोकांत चर्चा होती."

"लोकांत चर्चा कशी होईल? साईराजला भाऊ नाही. वैनी म्हणजे त्याची आई. जे त्याला खरोखर ओळखत होते, ते सगळे तिला ओळखतात. महेंद्रनं मेसेज लिहिला असता तर वैनी लिहिलं असतं, दिग्विजयनंही तेच लिहिलं असतं. आई कुणी लिहिलं? ज्याला त्याचं घर ठाऊक नाही, त्यानं. आणि वैनी म्हणजे भावजय कुणाला वाटली? ज्यानं ते नाव नुसतं पडद्यावर वाजताना बघितलं, त्याला. माझ्या आणि ह्या तानाजींच्या आधी तो पडदा एकाच माणसानं बघितलाय, राजवर्धन. मेसेज लिहिणाऱ्यानं."

"मी लाईव्ह होतो!"

"होतात की. सगळी चॅट रडत होती आणि तुम्ही हसत होतात. लोक म्हणतात काळीज नाही. मी म्हणते, तुम्ही तिथं नव्हतातच. आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला खेळ लावून गेला होतात, मग त्याला काय कळणार पोरगा मेलेला! त्या दुपारी हायवेच्या नाक्यावर तुमची गाडी जाताना-येताना दोन्ही वेळा दिसलीय. हवं तर दाखवते."

राजासारख्या खुर्चीत माणूस बघता बघता लहान झाला.

"मारायला नव्हतो गेलो," तो म्हणाला. आवाजातला गोडवा पार गेला होता. "गेममधल्या व्हॉइस चॅटवर त्याला विहिरीजवळ बोलावलं होतं, मिटवू म्हणून. पेट्यांविरुद्ध मी बोलूच शकत नाही, कंपनी मला वेगळं खातं देते, माझ्या पेटीत चांगलंच निघतं. हे तो साताऱ्याच्या स्पर्धेत येऊन सगळ्यांसमोर सांगणार होता. वर दिग्विजयचं रेकॉर्डिंग. बघ म्हणाला, आणि स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. मी म्हटलं पुसून टाकू, तो म्हणाला पुस, माझ्याकडं तोंड आहे अजून. मी त्याला ढकललं."

"आणि?"

"डोकं आपटलं. वर आला नाही. मी मेसेज लिहायला लागलो तर फोन वाजायला लागला. वैनी. थांबायचा, चार अक्षरं लिहायचो, परत वाजायचा." त्यानं दोन्ही हातांनी कान झाकले. "ती बाई थांबतच नव्हती."

तोंडात आलं ते बोलले असते तर वर्दीत शोभलं नसतं. तानाजींनी बेड्या काढल्या.

७

बातमी फुटली आणि पंधरा दिवस शिव्या घालणारी तीच पोरं साईराजच्या फोटोला हार घालायला लागली. साताऱ्याच्या स्पर्धेत दोन मिनिटं शांतता पाळली म्हणे. दिग्विजयनं न कापलेलं रेकॉर्डिंग सगळीकडं टाकलं. पेटी बंद करा म्हणणारे आणि चालू ठेवा म्हणणारे आठवडाभर एकमेकांचा उद्धार करत होते. पेटी अजून चालूच आहे.

राहीबाईला सांगायला मी स्वतः गेले. महेंद्र आणि दिग्विजय दोघंही बरोबर आले. सगळं नीट सांगितलं. साईराजनं लबाडी केली नव्हती, जीवही दिला नव्हता. खरं बोलायला निघाला होता, म्हणून त्याला मारलं. तिनं प्रत्येक वाक्याला मान हलवली.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता गप बसती."

पण गप बसली नाही. थोड्या वेळानं आपणहून म्हणाली, "बाईसाहेब, खरं सांगू? लय वाटायचं, ह्यानं एकदा तरी मला आई म्हणावं. कवा बोलून दावलं न्हाई. पोरगं हसंल म्हणून. तुमी त्ये वाचलं तवा पयल्यांदा माझ्या काळजात धस्स झालं, म्हणलं आलं बाई शेवटाला तोंडात. आन् मग कळलं, ह्यो माझा न्हवं."

आटपाडीचं तोंड, पण कामाला आलं नाही.

महेंद्र पुढं सरकला. पोराचे डोळे भरले होते. त्यानं तिचे पाय धरले आणि म्हणाला, "मी हाय की. मी म्हणतो तुमाला आई."

राहीबाईनं चटकन पाय मागं घेतले. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"नगं रं बाळा," ती म्हणाली. "त्यो शबुद मला एकदाच आला, आन् त्यो बी मारणाऱ्याच्या हातचा. तू वैनीच म्हण. चल, ऊठ, दिग्यालाबी बोलीव. भाकरी गार व्हाय लागल्यात."